विरजणाचा हिशेब

उसनवारी या विषयावर बोलण्याचा अधिकार बँकेतल्या कारकुनाइतका दुसऱ्या कोणालाही नसावा. लोकांना वाटतं, बँकेतून सगळ्यांत जास्त उचल होते ती पैशांची. तसं नाही. सगळ्यांत जास्त उचल होते ती पेनची. "साहेब, जरा पेन देता?" या वाक्यानं सुरू होणाऱ्या व्यवहाराला ना अर्ज लागतो, ना जामीनदार, ना परतफेडीची मुदत. म्हणून मुरलेला कारकून पेन देतो आणि टोपण स्वतःकडे ठेवतो. तेवढंच तारण.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. दिसेल त्या गोष्टीचं वर्गीकरण केल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. माझ्या मते उसनवारीचे तीन प्रकार आहेत. पहिला साखरेचा. वाटीभर नेली, वाटीभर आणून दिली. त्यातही वाटी रिकामी परत करायची नाही असा आपल्याकडे दंडक आहे, म्हणून वर चार शंकरपाळे. हे व्याज. दुसरा प्रकार छत्रीचा. नेली ती गेली. याला आम्ही बुडीत कर्ज म्हणतो. तिसरा प्रकार विरजणाचा, आणि तो मात्र कोणत्याच खातेवहीत बसत नाही.

म्हणजे असं बघा. शेजारच्या काकूंकडून चमचाभर विरजण आणलं, दुधाला लावलं, सकाळी छान कवडीचं दही झालं. आता हे कर्ज फेडायचं कसं? दुसऱ्या दिवशी चमचाभर दही घेऊन काकूंच्या दारात उभं राहिलं, तर त्या दार लावून घेतील. त्यांना ते नकोच आहे. त्यांच्या पातेल्यातलं दही आपण चमचाभर नेल्यानं कमी झालेलं नाही. शिवाय काकूंनी तरी ते कुठून आणलं? त्यांच्या सासूबाईंकडून, सासूबाईंनी आणखी कोणाकडून. हा माग काढत गेलं तर थेट गोकुळात जाऊन पोचायचं. पण म्हणून कर्ज नाही असं म्हणवत नाही. काकू नसत्या तर आज दही नव्हतं. मग हे लिहायचं कोणाच्या नावे आणि फेडायचं कोणाला?

एवढा गहन प्रश्न मला स्वयंपाकघरात पडला असं समजू नका. तो पडला शिरूरहून दौंडला येताना एसटीत, वेबसाइट करायला शिकताना.

आमची बँक शिरूरला, घर दौंडला. शिरूरला जुनी माणसं अजून घोडनदी म्हणतात आणि दौंडला सगळी माणसं जंक्शन म्हणतात. रोजचा जाण्यायेण्याचा वेळ इतका, की एवढ्या वेळात माणूस एखादी भाषा शिकू शकतो. मी शिकलो. एचटीएमएल. शेजारी बसलेल्या एका गृहस्थांनी मोबाइलमध्ये डोकावून विचारलं, "परीक्षा आहे का मुलाची?" मी म्हटलं, "नाही, माझीच." त्यांनी न्हावरं येईपर्यंत माझ्याकडे सहानुभूतीनं पाहिलं.

वेबसाइटच का, असं तुम्ही विचाराल. बँकेतही सगळ्यांनी विचारलं. कारण आईच्या ओव्या. आई शिरूर तालुक्यातल्या एका वाडीवरची. लग्न होऊन दौंडला रेल्वेच्या चाळीत आली तेव्हा बरोबर ट्रंक, पितळी घागर आणि जात्यावरच्या ओव्या घेऊन आली. ट्रंक गंजली, घागर मोडीत गेली, जातं तर चाळीत नव्हतंच. ओव्या राहिल्या. आज आई ७६ वर्षांची आहे आणि मिक्सर सुरू झाला की अजून गुणगुणते. माझ्या मुलीनं उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून एका वहीत तिच्या ६३ ओव्या उतरवून घेतल्या. पण वही ती वहीच. तिला वाळवी आहे, पाऊस आहे, रद्दीवाला आहे.

आता ओव्यांचं मोठं काम आधीच झालेलं आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या आता 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया' या संकेतस्थळावर आहेत, गाणारणीचं नाव आणि गाव यांसह. मी आईला त्यातल्या काही ऐकवल्या. ती चकित होऊन म्हणाली, "आगं बाई, ही तर माझीच!" दुसरी ऐकून म्हणाली, "ही बी माझीच." मग जरा कान देऊन म्हणाली, "फक्त भावाचं नाव येगळंय."

ओवीची गंमत ही आहे. दोन ओळींची रचना, शेवटी यमक, आणि मध्ये एक जागा रिकामी. तिथं आपल्या भावाचं किंवा बाळाचं नाव घालायचं. आमच्या बँकेच्या छापील अर्जासारखंच. 'येथे भावाचे नाव लिहावे.' अर्ज एकच, अर्जदार लाखो.

बँकेत एकानं सुचवलं, की अशी कामं करून देणारी मुलं असतात, पैसे टाका आणि मोकळे व्हा. मला ते पटेना. ज्या बाईनं ६३ ओव्या हात फिरवता फिरवता पाठ केल्या, तिच्या ओव्यांसाठी मुलानं भाड्यानं हात आणायचे, हे बरं दिसत नाही. शिवाय आमच्या तालुक्याची परंपराच वेगळी. पाबळला डॉ. श्रीनाथ कालबागांनी १९८३ साली विज्ञान आश्रम काढला तो याच तत्त्वावर, की हातानं काम करत शिकायचं. अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेनं 'फॅब लॅब' नावाची कार्यशाळा काढली, तेव्हा तिच्या बाहेरची पहिली फॅब लॅब २००२ साली पाबळला झाली. एवढ्या मोठ्या तालुक्यात नोकरी करून मी एक साधं पान करू नये?

एचटीएमएल ही भाषा कारकुनांसाठीच बनवली असावी. तिचा मुख्य नियम असा, की जे उघडलं ते बंद करायचं. ठळक अक्षराची खूण उघडली की शब्द संपताच बंद करायची, नाहीतर खालचं सगळं पान ग्रामसभेत बोलल्यासारखं ठळक होत जातं. दिवसअखेर नावे आणि जमा जुळवून घरी जाणाऱ्या माणसाला यात अवघड काही नाही.

पण खरा धक्का पुढेच होता. इंटरनेटवरच्या कुठल्याही पानाच्या पोटात काय लिहिलंय, ते कोणालाही उघडून बघता येतं. म्हणजे विचार करा. हॉटेलात मिसळ आवडली म्हणून तुम्ही भटारखान्यात शिरलात आणि "मसाला दाखवा" म्हणालात, तर आचारी झारा घेऊन धावेल. इथं भटारखान्याला दारच नाही. मला एक पान आवडलं. डावीकडे यादी, उजवीकडे मजकूर, भोवती नेटकी चौकट. मी त्याच्या पोटातल्या ओळी उचलल्या, आपल्या पानात घातल्या, आणि क्षणात माझ्या पानालाही तशीच चौकट आली. मी आनंदानं मुलीला हाक मारली. तिनं दोन्ही पानं शेजारी ठेवून पाहिली आणि विचारलं, "पप्पा, ही कॉपी नाही का? आम्हाला तर शेजारच्या पेपरात बघितलं तरी वर्गाबाहेर काढतात."

सातवीतल्या पोरीनं प्रश्न विचारला आणि पप्पांकडे उत्तर तयार नाही, असा प्रसंग घराघरांत येतो. अशा वेळी पप्पा लोक "अभ्यास कर" म्हणतात. मी स्वतःच अभ्यास केला.

ही सगळी जाळी विणणारा टिम बर्नर्स-ली हा गृहस्थ जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेत होता. १९८९ साली त्यानं आपली कल्पना लिहून वरिष्ठांना दिली. वरिष्ठांनी त्यावर शेरा मारला, त्याचा अर्थ 'मोघम, पण मजेदार'. (आमच्याकडे असा शेरा पडलेलं प्रकरण परत शाखेत येतं.) पण हळूहळू काम झालं आणि ३० एप्रिल १९९३ रोजी सर्ननं जाहीर केलं, की ही व्यवस्था सर्वांसाठी खुली आहे, कोणी काही देणं लागत नाही. म्हणजे सगळ्या जगाला विरजण लावलं आणि वाटी परत मागितली नाही.

पण बर्नर्स-लीनं तरी ते कुठून आणलं? त्याच्या भाषेतल्या परिच्छेदाच्या, मथळ्यांच्या, यादीच्या खुणा सर्नमध्ये आधीपासून वापरात असलेल्या एसजीएमएल नावाच्या पद्धतीतून आल्या. शब्दावर बोट ठेवलं की दुसरं पान उघडावं, या कल्पनेला 'हायपरटेक्स्ट' हे नाव टेड नेल्सन यानं १९६५ सालीच दिलेलं होतं. एवढंच काय, मी ज्या युनिकोडमध्ये आईच्या ओव्या टाइप केल्या त्यातली देवनागरीची मांडणी आपल्याच भारतीय 'इस्की' संकेतावरून, त्याच्या १९८८ सालच्या आवृत्तीवरून, घेतलेली आहे. जो तो दुसऱ्याच्या पातेल्यात चमचा घालून बसलेला.

मला वाटलं, निदान आमच्या वाणिज्य शाखेत तरी चोख व्यवहार असेल. आमचे आद्य गुरू लुका पाचिओली. दुहेरी नोंद पद्धतीवर त्यांनी १४९४ साली व्हेनिसला छापून लिहिलं, म्हणून त्यांना जमाखर्चाचे जनक म्हणतात. पण पद्धत त्यांची नव्हती, व्यापारी ती आधीपासून वापरत होते. आणि त्यांच्या पुढच्या एका ग्रंथात पिएरो देल्ला फ्रान्चेस्का या चित्रकाराचं लिखाण नाव न घेता आलं. पाचिओलींनी पिएरोचं श्रेय लाटलं, असा आरोप वसारी यानं १५५० साली आपल्या पुस्तकात केला. नावे-जमा शिकवणाऱ्या गुरूंचीच एक जमेची नोंद राहून गेली, हे वाचून मला फार दिलासा मिळाला.

तरीही मुलीचा प्रश्न उरतोच. सगळेच उचलतात म्हणून उचलणं बरोबर ठरत नाही, नाहीतर छत्री नेणारेही सुटतील. तेव्हा मी कायदा काढला. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ सालचा. त्यात आता संगणकाचा प्रोग्रॅमही साहित्यकृतीत धरतात. कवितेच्या पंक्तीत प्रोग्रॅम जेवायला बसलेला पाहून कवींना काय वाटत असेल देव जाणे. लेखकाच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं हक्क चालतो. म्हणजे परवानगी हवी. पण गंमत अशी, की प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींनी परवानगी आधीच देऊन ठेवलेली असते आणि तिचे प्रकार आपल्या शेजारणींसारखे आहेत. एक शेजारीण म्हणते, "न्या हो, वाटेल ते करा, विका सुद्धा. फक्त माझ्याकडून नेलं एवढं नाव राहू द्या." हा एमआयटी परवाना. दुसरी म्हणते, "न्या, पण दही लावलंत की पुढच्यालाही याच बोलीवर द्यायचं. अडवून ठेवायचं नाही." हा रिचर्ड स्टॉलमन यांचा १९८९ सालचा जीपीएल परवाना. मी उचललेल्या पानाच्या पोटात वरच पहिल्या प्रकारची चिठ्ठी होती, खाली कोण्या परक्या मुलुखातल्या माणसाचं नाव. ते नाव मी जसंच्या तसं ठेवलं. वाचणाऱ्याला ते दिसत नाही, पण पोटात आहे. मुलीनं ते स्वतः उघडून बघितलं, तेव्हा तिचं समाधान झालं.

नवशिक्यांसाठी तयार सांगाडेही मिळतात. त्यांत जागोजागी 'लोरेम इप्सम' असा अगम्य मजकूर भरलेला असतो. तो काढून आपला घालायचा. मला तो एखादा मंत्र वाटला. शोधल्यावर कळलं, की रोमच्या सिसेरोनं इसवी सनापूर्वी ४५ साली भलं-बुरं म्हणजे काय यावर एक ग्रंथ लिहिला, त्यातल्या लॅटिन वाक्यांची मोडतोड करून हा भराव केलेला आहे. आता यापरता योग कोणता? चांगलं-वाईट काय याचा विचार सगळ्यांच्या पानावर आधी असतो, आणि प्रत्येक जण तो पुसून तिथं आपला फोटो लावतो.

असो. पान झालं. पत्ता घेतला. पत्ता विकत मिळत नाही, वर्षाच्या बोलीनं भाड्यानं मिळतो, हे ऐकून आई म्हणाली, "म्हंजे सातबारा न्हाईच?" नाही. पहिल्या महिन्यात अकरा जणांनी भेट दिली. त्यांतले सहा आम्हीच होतो.

आणि एक दिवस मुलगी रागानं लाल होऊन घरी आली. कुठल्याशा कार्यक्रमाची स्मरणिका तिच्या हातात होती. त्यात आमच्या पानावरच्या सात ओव्या त्याच क्रमानं छापलेल्या, खाली 'संकलन व शब्दांकन' म्हणून भलत्याच बाईंचं नाव. त्या आमच्याच हे ओळखायला तज्ज्ञ नको होता. तीन ओव्यांत आमच्या मामाचं नाव तसंच होतं. जो मामा आयुष्यात तालुक्याबाहेर फारसा गेला नाही, तो स्मरणिकेतून सगळ्या जिल्ह्यात हिंडत होता.

मलाही राग आला. पण राग ठेवायला जागा सापडेना. आमचं पान उसन्या चौकटीत, उसन्या लिपीसंकेतात, फुकट मिळालेल्या जाळ्यावर उभं. त्यांनी ओव्या उचलल्या, आम्ही चौकट उचलली. फरक काय? परवानगीचा आणि नावाचा, असं मी मनाशी म्हटलं. हिचं म्हणणं पडलं, "अहो, पण परवानगी मागायची तर कोणाकडे? आईंनी तरी कोणाला विचारून घेतल्या?" मग आम्ही सगळे आईकडे बघायला लागलो.

आईनं स्मरणिका मुलीकडून दोनदा वाचून घेतली. "नेल्या तर नेल्या," ती म्हणाली. "आरं, वव्या का कुनाच्या असत्यात? म्या तरी कुठं केल्यात?" आम्हाला वाटलं, विषय मिटला. तर तिचा आवाज एकदम चढला. "पर माझ्या भावाचं नाव कशाला ठिवलं? त्या बाईला काय भाऊ न्हाई?"

मी कायद्याचं पुस्तक मिटलं. कायदा विचारतो, परवानगी होती का. आमची खातेवही विचारते, नोंद कोणाच्या नावे केली. आईचा प्रश्न या दोन्हींच्या पुढचा होता: नेलंस, पण त्यात तुझं काय घातलंस? तिच्या हिशेबी ओवी उचलणं गुन्हा नाहीच, ओवी रिकामी उचलणं हा गुन्हा. रिकाम्या जागेत आपलं माणूस बसवलं, की ती ओवी आपली झाली आणि देणारीचीही राहिली. विरजण आणून तुम्ही नुसतं वाटीत झाकून ठेवलंत, तर ते आंबून जातं. दूध तुमचं लागतं.

पण दुसऱ्या दिवशी तिनं एक नवं काम काढलं. मला बसवून म्हणाली, "ही पैली वही मळ्यातल्या काकूची. लिव्ह. ती गेली त्याला लई वर्सं झाली, तिचं नाव आता कुनी घेत न्हाई." मग दुसरी थोरल्या जावेची, तिसरी खुरपायला येणाऱ्या एका बाईची, चौथी वारीत दिवेघाटात शेजारून चालणाऱ्या, नाव न सांगितलेल्या आजीची. दोन रविवार लागले. ६३ ओव्यांपैकी ४१ ओव्या कोणाकडून आल्या, हे आईला नावानिशी, नाहीतर खुणेनिशी आठवत होतं. पन्नाससाठ वर्षं हा हिशेब तिनं कागदाशिवाय ठेवला होता. मी रोज संगणकावर हिशेब जुळवतो, त्याचा पगार घेतो, आणि तरी मला कॉलेजात बॅलन्स शीट कोणी शिकवलं ते आठवायला डोकं खाजवावं लागतं.

उरलेल्या २२ ओव्यांचं काय करायचं, हा प्रश्न मात्र माझ्या खात्यातला होता आणि त्याचं उत्तर मला ठाऊक होतं. ज्या रकमेचा मालक कळत नाही ती आम्ही उचंत खात्यात ठेवतो. दहा वर्षं ज्या ठेवींना कोणी विचारत नाही, त्या बँका २०१४ सालापासून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत भरतात. तिथंही हक्क बुडत नाही. वारस केव्हाही आला तरी त्याला पैसे मिळतात. तेव्हा मी पानावर 'उचंत' नावाचं एक सदर उघडलं आणि २२ ओव्या त्यात जमा केल्या. कोणाच्या तरी आईची, आजीची त्यात असेल, तिनं यावं आणि नाव सांगावं. अजून कोणी आलेलं नाही. खातं चालू आहे.

मुलीनं पानाच्या तळाशी परवाना म्हणून काय लिहायचं असं विचारलं. एमआयटीचा मजकूर आईला वाचून दाखवला, तर तिला तो फार लांबडा वाटला. तिनं सांगितलं तेच आम्ही लिहिलं आहे: हवी ती ओवी न्यावी, कोणाकडून नेली ते सांगावं, आणि भाऊ आपला घालावा.